वहीतली वायुनौका

१.
भाचीची मागणी : गोष्टीत उडणारं जहाज हवं, त्याला मन हवं, पण त्याने बोलायला नको. "बोलणारी जहाजं फार बालिश वाटतात." वय वर्षे अकरा.

२.
विमान नपुंसकलिंगी, वायुनौका स्त्रीलिंगी. निम्मा स्वभाव व्याकरणानेच ठरवून टाकला.

३.
पुष्पक. लहानपणी एवढंच ऐकलं होतं की कितीही माणसं चढली तरी एक जागा रिकामी उरते. एसटीत वाढलेल्याला तेवढंही दैवी वाटायचं.

वाल्मीकीत याहून मोठी गोष्ट आहे. राम-लक्ष्मण रणात निश्चेष्ट पडलेले. रावण सीतेला पुष्पकात बसवून ते दाखवायला पाठवतो. ती कोसळते. बरोबरची त्रिजटा म्हणते, हे दोघे गेले असते तर या विमानाने तुला घेतलंच नसतं. म्हणजे विमान रावणाच्या ताब्यात, हुकूम रावणाचा, आणि खोटं उघडं पडतं ते विमान मुकाट उडतंय यावरून. विधवेला न घेण्याचा नियम जुनाट आहेच. पण तो मालकाने घातलेला नाही, विमानाचा स्वतःचा आहे.

४.
उत्तरकांडात रावणाला घेऊन निघालेलं हेच पुष्पक कैलासाजवळ अडतं. बरोबरच्या मारीचाचा अंदाज : मूळ मालक कुबेराशिवाय दुसऱ्याला वाहत नसावं. खरं कारण नंदी येऊन सांगतो : वर शंकर आहेत, पुढे कोणालाच वाट नाही.

मारीचाचा अंदाज चुकला, पण त्याला तो सुचला हे विशेष.

५.
युद्ध संपल्यावर राम पुष्पक कुबेराकडे परत पाठवतो. कुबेर ते पुन्हा रामाकडे पाठवतो. यावेळी पुष्पक स्वतः बोलतं. भाचीला हे सांगितलेलं नाही.

६.
आर-१०१ ही इंग्रजांची वायुनौका कराचीला यायची होती. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. तिच्यासाठी तिथे भलीथोरली शेड बांधून तयार. नौकेची उचल कमी पडते म्हणून तिला मधोमध कापून एक जादा भाग जोडला होता. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी निघाली, ५ च्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ टेकडीवर आदळली. ५४ पैकी ४८ गेले. त्यांत हवाई खात्याचे मंत्रीही होते.

शेड पुढे कित्येक वर्षं रिकामी उभी होती.

७.
त्या काळच्या वायूच्या पिशव्यांना गुरांच्या आतड्याचं अस्तर असे. एकेका नौकेला लाखांनी गुरं. तिला गोठ्याची स्वप्नं पडत असतील का, हे गोष्टीत घालावं की नाही?

८.
वायुनौकेचा दिवस. ऊन लागलं की पोटातला वायू फुगतो, ती हलकी होते, वर निघते. संध्याकाळी वायू निवला की जड. पावसात कापड भिजून टनांनी वजन वाढतं. इंजिनं इंधन जाळतील तसतशी पुन्हा हलकी. चढू लागली तर वायू सोडायचा, बसू लागली तर पाणी ओतायचं. झेपेलिन नौकांमध्ये उंची सांभाळणारा माणूस समोर तोंड करून नव्हे, आडवा उभा राहायचा. नाक वर-खाली झालं की पायांना कळायचं. सासुरवाशिणीलाही घराचं असंच कळतं : आवाजाआधी, पायांतून.

'ग्राफ झेपेलिन'ने इंधनाच्या वजनावर तोड काढली होती. तिचं मुख्य इंधन म्हणजे जवळपास हवेइतकाच जड वायू. जाळला तरी वजनात फारसा फरक नाही. उड्डाणं ५९०, एकाही प्रवाशाला इजा नाही. १९४० मध्ये मोडीत काढली; ॲल्युमिनियम लढाऊ विमानांसाठी हवं होतं.

९.
'हिंडेनबुर्ग' या वायुनौकेवर ॲल्युमिनियमचा पियानो होता. १९३७ च्या शेवटच्या फेरीत तो नव्हता.

१०.
ऑगस्ट १९२७, लेकहर्स्ट, अमेरिका. 'लॉस एंजेलिस' नाकाने खांबाला बांधलेली. समुद्राकडून गार, जड हवेचा झोत आला आणि शेपूट उचलली गेली. दोनशे मीटर लांबीची नौका पंचवीस माणसं पोटात घेऊन जवळजवळ सरळ डोक्यावर उभी राहिली, मग पलीकडच्या बाजूला सावकाश खाली आली. किरकोळ मोडतोड. कारण भौतिकशास्त्रात पूर्ण सापडतं. फोटो बघताना ते आठवत नाही.

११.
किपलिंग (जन्म मुंबई, १८६५) याच्या एका कथेत नव्या आगबोटीचे रिव्हेट, तुळया, पत्रे पहिल्या सफरीत आपापसांत भांडतात. सफर सरता सरता भांडण थांबतं आणि एकच आवाज उरतो : जहाजाचा. रॉबिन हॉबच्या कादंबऱ्यांतली जहाजं आणखी उशिरा जागी होतात. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांनी डेकवर प्राण सोडावे लागतात.

किपलिंगला एक सफर पुरते. तो स्वतः आधी वर्तमानपत्रात नोकरीला होता, वेळेच्या टंचाईची सवय असणार.

१२.
दसरा. कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये लेथला झेंडूची माळ. मालक म्हणाला, "आज हिला चालवत नाही." बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तो तिला "मशीन" म्हणतो.

१३.
२५ मे १९२८, उत्तर ध्रुवावरून परतताना. नोबिलेची वायुनौका 'इटालिया' बर्फावर आदळली. खालची गोंडोला तुटून पडली. भार कमी झाल्याबरोबर वरचा भाग उठला आणि आतल्या सहा जणांना घेऊन वाऱ्याबरोबर गेला. त्यांच्यातल्या एकाने जाता जाता हाताला लागेल ते सामान खाली फेकलं. बर्फावरचे लोक त्यावर जगले. ते सहा जण आणि ती नौका कधीच सापडली नाहीत.

१४.
भाची म्हणते, "ती वाईट नको. चांगलीही नको."

१५.
१६ ऑगस्ट १९४२. अमेरिकी नौदलाची छोटी वायुनौका एल-८ सॅन फ्रान्सिस्कोजवळून दोन माणसं घेऊन पाणबुड्या शोधायला निघाली. समुद्रावर तेलाचा तवंग दिसतोय, बघतो, एवढा निरोप आला. काही तासांनी ती एकटीच किनाऱ्यावर परतली, छपरांना घासत डेली सिटीच्या एका रस्त्यात उतरली. आत कोणी नव्हतं. पॅराशूट जागच्या जागी, रेडिओ चालू स्थितीत. त्या दोघांचा पत्ता लागला नाही. नौकेची डागडुजी झाली आणि ती पुन्हा कामावर रुजू झाली.