दुपारी एक ते चार

अमरावती विद्यापीठाचं वेळापत्रक लागलं की आमच्याकडच्या पोरींना उन्हाळ्याची सुट्टी किती उरली ते कळतं. उन्हाळी परीक्षा कधी एप्रिलात सुरू होते, कधी मे महिना अर्धा खाते, आणि एखादा पेपर पुढं ढकलला गेला तर थेट मिरगाला जाऊन भिडते. त्यातून जे काही दिवस शिल्लक राहतात त्यांवर मावसबहिणीचं लग्न असतं, वहिनीचं बाळंतपण असतं, आजीचे गुडघे असतात आणि वाळवणाचा पसारा असतो. ‘कॉलेजले सुट्ट्या आहेत नं तुह्या’ एवढं एक वाक्य पुरतं. सातबाऱ्यावर बोजा चढावा तशी सगळी कामं त्या सुट्टीवर चढतात. भावालाही सुट्टी असतेच. त्याचा सातबारा मात्र कोरा.

गाव जऊळका, म्हणजे जऊळका रेल्वे. वाशीम जिल्हा, मालेगाव तालुका. गावाच्या नावातच रेल्वे असली तरी लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या इथं थांबत नाहीत. अकोला-पूर्णा मार्ग 2008 मध्ये रुंद झाला, मीटरगेजची छोटी गाडी गेली, आणि आता मोठी गाडी मोठ्या आवाजात पुढं निघून जाते. मे महिन्यात शेजारच्या अकोल्याचा पारा पंचेचाळिशीला टेकल्याच्या बातम्या येतात. जऊळक्याचा पारा मोजायला कोणी येत नाही, म्हणून आम्ही अकोल्याचाच वापरतो.

मासिकांच्या मे महिन्याच्या अंकांत ‘तरुणींसाठी उन्हाळी टिप्स’ येतात. थंड हवेच्या ठिकाणी जा, पोहायला शिका, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवा. काकडी आमच्याकडे डोळ्यांवर ठेवण्याआधी कोणीतरी मीठ लावून खाऊन टाकतं, आणि चिखलदऱ्याला जायचं तर घरातल्या चौघांची परवानगी आणि एक गाडी लागते. मला या टिप्सांचा राग नाही, पण त्या लिहिणारीनं दुपारी दीड वाजता जऊळक्याच्या स्टेशनवर उभं राहून पाहावं असं वाटतं.

कारण आमच्या उन्हाची एक सोय आहे आणि ती कोणी लिहीत नाही. दुपारी एकच्या सुमारास गाव बंद होतं. बाबा ओसरीवर आडवे, माय स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर, आजीचा घोरण्याचा आवाज आणि कूलरची घरघर एकमेकांत मिसळलेली. पाहुणा येत नाही, सोयरीक घेऊन कोणी उगवत नाही, ‘कुठं चालली व?’ म्हणून विचारणारं पारावर कोणी बसलेलं नसतं. चार वाजेपर्यंत गावात हुकूम सोडणारा एकही माणूस जागा नसतो. पावसाळ्यात हे मिळत नाही, तेव्हा निंदण असतं. हिवाळ्यात दिवसच अपुरा. म्हणून माझं मत आहे की उन्हाळा पोरींच्या बाजूचा आहे. बाकीच्यांना झोपवून तो त्यांना तीन तास मोकळे काढून देतो. माझी भाची बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला मी एवढंच सांगते की बाई, सकाळ-संध्याकाळ घराला दे, पण एक ते चारवर कोणाला नाव लावू देऊ नको.

सकाळ द्यावीच लागते, आणि ती द्यायला हरकतही नसावी. कुरडयांची सकाळ तर मी स्वतः सोडणार नाही. गहू तीन दिवस भिजलेले, रोज पाणी बदललेलं, तिसऱ्या दिवशी त्यांना आंबूस वास सुटलेला. ते वाटून, चोथा पिळून काढून, चीक रात्रभर निवत ठेवलेला असतो. पहाटे साडेचारला वरचं पिवळट पाणी हलक्या हातानं ओतून द्यायचं; खाली पांढरा घट्ट थर बसलेला सापडतो. आधणात मीठ-हिंग पडलं की एकीनं चीक धारेनं सोडायचा आणि दुसरीनं लाकडी दांड्यानं हाटायचं. इथं हात थांबला की गुठळी झालीच. पांढऱ्याचा रंग जाऊन चीक काचेसारखा दिसायला लागला की झाला. मग सोऱ्या, मग गच्चीवर अंथरलेलं जुनं लुगडं, आणि ऊन तापायच्या आत भराभर गोल गोल कुरडया. पातेल्याच्या बुडाशी उरलेला गरम चीक गोडं तेल घालून वाटीत घ्यायचा. हे खाणं बाजारात मिळत नाही आणि मिळू नये.

आज आपल्याकडे, उद्या शेजारी, परवा काकूकडे. या पाळीपाळीच्या सकाळांत वीस-एकवीस वर्षांच्या पोरी बायकांच्या पंगतीत पहिल्यांदा बरोबरीनं बसतात. कोणाच्या सासरी काय चाललंय, कोणती सोयरीक का मोडली, कोणाच्या नावावर वावर झालं, हे सगळं तिथं ऐकायला मिळतं. सरगुंडे करताना तर बोलणं अधिकच रंगतं, कारण बारीक काड्यांच्या जुडीवर कणकेची दोरी गुंडाळत बसायचं हे काम बोटांचं असतं, डोकं रिकामं असतं. समाजशास्त्राच्या पेपरात ‘विवाहसंस्था’ म्हणून जे येतं ते या गच्चीवर फुकट शिकवलं जातं. फक्त एक हिशेब ठेवावा: दहा वाजता उठायचं. दहानंतरही जी बसून राहते तिच्याकडे आंब्याचं लोणचं, मुगवड्या आणि धाकट्या पोरांची अंघोळ आपोआप येते.

त्याच पहाटे स्टेशनकडच्या रस्त्यावर वेगळ्याच पोरी दिसतात. ट्रॅकपँट, बांधलेले केस, हातात मोबाइलवरचं घड्याळ. पोलीस भरतीची तयारी. आठशे मीटर धावणं, शंभर मीटर आणि गोळाफेक. उंची किमान 155 सेंटिमीटर लागते, आणि तेवढी नसली तर धावून उपयोग नाही, हे आधीच मोजून घ्यावं. माझ्या वेळी पोरीनं रस्त्यावर धावणं म्हणजे कुत्रं मागे लागलेलं असणं. आता म्हातारी माणसं चहा घेता घेता ‘आज दम कमी पडला तिचा’ असा निकाल देतात. स्कूटी शिकायचीही हीच वेळ: रस्ता मोकळा, हसणारे झोपलेले. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, पण त्यावर दुचाकीला मज्जाव. आपली स्कूटी जुन्याच रस्त्यानं, खड्डे ओळखीचे करून घेत.

बाहेर पडायचं तर दुपट्टा बांधावा लागतो, आणि तो बांधणं ही आमच्या पोरींची खरी कारागिरी. सुती आणि लांब दुपट्टा घ्यायचा. जॉर्जेट कितीही सुंदर असलं तरी उन्हात कामाचं नाही. मधला काठ भुवयांच्या वर कपाळावर टेकवायचा, दोन्ही टोकं कानांवरून मागं नेऊन मानेवर एकमेकांवर घ्यायची. एक टोक पुढं आणून नाकावरून फिरवायचं आणि पलीकडच्या कानामागं पक्कं खोचायचं, दुसऱ्याची गाठ मागं. सगळं मिळून अर्धा मिनिट, आरशाशिवाय, चालत्या ऑटोतसुद्धा. उरतात ते डोळे. ऊन लागू नये म्हणून बांधते असं घरी सांगतात आणि ते खरंच आहे. पण त्या दुपट्ट्यातली पोरगी कोणाची हे बाजारात कोणाला सांगता येत नाही, हेही तितकंच खरं, आणि ते घरी सांगत नाहीत. एकच करावं: तो रोज धुवावा. घाम वाळलेलं कापड गालांवर घासून पुरळ उठतं आणि मग बिचाऱ्या आंब्यावर आळ येतो.

आता जरा रोखठोक. आमच्या पोरी प्रवासाला निघताना पाणी पीत नाहीत. बसस्टँडवर जायला धड जागा नसते, परीक्षेच्या केंद्रावर असते तिला कडी नसते, म्हणून सकाळी अर्धा पेला पाणी आणि मग संध्याकाळपर्यंत तोंड बंद. मग जळजळ सुरू होते, उन्हाळी लागली म्हणतात, आणि धने-जिऱ्याचं पाणी पीत चार दिवस कोणाला न सांगता काढतात. धने-जिरे घ्या, सब्जा घ्या, आईच्या हातचं कैरीचं पन्हं तर घ्याच, पण आधी साधं पाणी भरपूर प्या आणि लघवी रोखून धरू नका. जळजळ दोन दिवसांत थांबली नाही, ताप-थंडी आली किंवा कंबर दुखायला लागली तर दवाखान्यात जा. लाजायचं असेल तर ज्यांनी मुलींसाठी कडीचा दरवाजा बसवला नाही त्यांनी लाजावं.

हेच पाळीच्या कापडाचं. दांडीवर परकराखाली दडवलेलं कापड ओलसर राहतं, आणि ओलसर कापडानं खाज, पुरळ, नको ती दुखणी येतात. गच्चीवर एवढं कडक ऊन फुकट सांडलेलं असताना कुरडईला ते दाखवायचं आणि त्या कापडाला नाही, हा न्याय मला कळलेला नाही. आणि खिशातल्या कांद्याबद्दल: ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण कोणाला भोवळ आली तर कांदा हुंगवत बसू नका. सावलीत न्या, अंगावर ओलं कापड टाका, शुद्धीवर असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. असंबद्ध बोलायला लागली तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

कॉलेज चालू असतं तेव्हा एसटीचा विद्यार्थी पास असतो, तिकिटात 66.67 टक्के सूट; पण तो पास घर ते कॉलेज एवढ्याच रस्त्याचा. सुट्टी लागली की पास गेला आणि बाहेर पडायचं कारणही गेलं. 17 मार्च 2023 पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं. या सवलतीवर टीका करणारे पुष्कळ आहेत; त्यांना मुलगी आणि मुलीच्या मैत्रिणी असत्या तर बरं झालं असतं. कारण अर्ध्या तिकिटानं पहिल्यांदा असं झालं की काम नसताना जाता येतं. लग्नाला नाही, दवाखान्याला नाही, फॉर्म भरायला नाही. वाशीमला जायचं, पद्मतीर्थाच्या काठी बसायचं, बालाजीच्या देवळात डोकवायचं, उसाचा रस प्यायचा आणि परत.

वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याची कितीतरी लेणी याच घराण्याच्या हरिषेणाच्या काळातली. राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त एक गोष्ट सांगितली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडून निघाला, तेव्हा त्याला माघारी आणायला गौरीनं साहित्यविद्यावधू नावाची मुलगी निर्माण केली. ती त्याच्या मागे देशोदेशी फिरली, प्रत्येक प्रांतात तिथला पोशाख केला, तिथलं नृत्य केलं, आणि शेवटी त्यांचं लग्न लागलं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात. भाचीला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, “आत्या, इतकी फिरली ती, तर तिले काहून नाही काव्य लिहू दिलं? मागेच पयाची होती का त्याच्या?” राजशेखराकडे याचं उत्तर असेल असं वाटत नाही.

तर एक ते चार. यातला पहिला अर्धा तास मोबाइल खातो, हे धरूनच चालावं. त्याच्याशी भांडण्यात दुसरा अर्धा तास जातो. चार्जिंग मात्र सकाळीच करून ठेवावं, कारण लाईन नेमकी दुपारी जाते. मग मोबाइल आजीच्या उशाखाली. तिथून तो आवाज न करता काढता येत नाही.

वाचायला काय, असं पोरी विचारतात. मी दोन पुस्तकं काढून देते. एक उद्धव शेळक्यांची ‘धग’, 1960 ची. त्यातली कौतिक आपल्यासारखं बोलते. पुस्तकात आपल्या घरातली बोली छापलेली पाहिली की पोरी आधी हसतात आणि मग पानं उलटायच्या थांबत नाहीत. दुसरी नामदेव कांबळ्यांची ‘राघववेळ’. कांबळे आपल्या शेजारच्या शिरपूरचे; या कादंबरीला 1995 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिरपूरच्या यात्रेत पाळण्यात बसून आलेल्या पोरींना हे कोणी सांगितलेलं नसतं. पुस्तक नको असेल तर दुसरं काही: वहीत घरातल्या बायकांची नावं लिहावीत, माहेरची आणि सासरची दोन्ही, पणजीपर्यंत. पुरुषांची वंशावळ भाटाच्या पोथीत सापडते. ही तुलाच लिहावी लागेल, आणि आजी दोन वाजता मधूनच जागी होते तेव्हा विचारायची संधी असते. किंवा नुसतं झोपावं. झोपणाऱ्या मुलीला आमच्याकडे आळशी म्हणतात, म्हणून मुद्दाम लिहिते: पहाटे साडेचारला चीक हाटलेल्या पोरीनं दुपारी झोपणं हा आळस नव्हे.

चारला आतून हाक येते, ‘चहा ठेव व.’ पहिल्या हाकेला उठायचं नाही. ती सवयीची असते, मारणारी अजून झोपेतच असते. दुसऱ्या हाकेला ‘आली’ म्हणायचं आणि पान पुरं करायचं. तिसरीत तुझं पूर्ण नाव येतं, बापाच्या नावासकट. तेव्हा मात्र उठ, आणि उठताना भावाला हलवून जागं कर. साखरेचा डबा वरच्या फळीवर असतो, त्याचा हात पोचतो.