सात वारांचे सात वाफे

आमच्या गावचा बाजार गुरुवारचा. त्या दिवशी आणलेली मेथी-पालक जेमतेम शुक्रवारपर्यंत टिकायची. पुढचे दिवस वरण, पिठलं नाहीतर ठेचा. घरात ज्वारी होती, तूर होती. पोट भरायचं, पण हिरवी भाजी आठवड्यातून दोनदाच. दुष्काळात भाव चढले की काटकसर भाजीपासून सुरू व्हायची आणि सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला ती यायचीच नाही. गरोदर सुनेच्या अंगात रक्त कमी असल्याचं निघालं, तेव्हा मी घरामागची पडीक जागा खणायला घेतली.

बचत गटातल्या बायांनी दाखवली तशी गोल परसबाग आखली. मधोमध खड्डा; त्यात शेण, पालापाचोळा, भाजीची देठं. काठाला पपई आणि केळ, भोवती सात वाफे, वाराला एक. न्हाणीचं पाणी चारीने खड्ड्यात सोडलं, ते पपई-केळीला लागतं. त्यात साबण असतो, म्हणून पालेभाजीला तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी.

वाफे एकदम पेरायचे नाहीत. मेथी महिनाभरात उपटायला येते, पालक कापला की पुन्हा फुटतो. थोड्या थोड्या दिवसांनी पेरत गेलं, तर एक वाफा संपेपर्यंत दुसरा तयार होतो. कुंपणावर दोडका आणि वाल चढवले, कोपऱ्यात शेवगा लावला. त्याला पाणी कमी लागतं. त्याच्या पाल्याच्या भाजीवर लिंबू पिळते; लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं.

2020 च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद झाले, तेव्हाही आमच्या चुलीवर भाजी शिजत होती. शेजारणींनाही जुडी-जुडी देता आली.

बी मी घरचंच धरते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचा देशी बियाणं जपण्यासाठी पद्मश्रीने गौरव झाला. त्यांचं काम ऐकून मला बळ आलं. देशी वाणाचं बी वाळवून राखेत ठेवलं की पुढच्या हंगामाला पेरता येतं. संकरित वाणाचं बी पुन्हा पेरलं तर पीक तसंच येईल याची खात्री नसते.

परसबागेने धान्याची कणगी भरत नाही. पण ताटात रोज भाजी पडते, आणि आमच्यासारख्या घरांत उणीव नेमकी तिचीच आहे. बायांनो, मृगाच्या आधी वाफे आखून ठेवा. आणि पहिली भाजी निघेल ती घरातल्या गरोदर बाईला आणि लेकरांना आधी वाढा.