मोपा

मोपा म्हटलं की गोव्याकडच्या माणसाला पेडण्याचा विमानतळ आठवेल. मी सांगतोय तो मोपा म्हणजे चिपवरचा लेझर, आंबेमोहोराच्या दाण्याएवढा लांब आणि कागदासारखा पातळ. मास्टर ऑसिलेटर पॉवर ॲम्प्लिफायर असं भारदस्त नाव रोज कोण घेणार? म्हणून प्रयोगशाळेतली मंडळी आद्याक्षरांनीच हाक मारतात. तांब्याच्या ठोकळ्यावर तो गप्प बसलेला असतो. नुसत्या बोटांनी उचलू गेलात तर अंगावरच्या स्थिर विजेच्या चटक्यानेही दगावेल, म्हणून त्याला हाताळताना मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधतात.

घराणं जुनं आहे. 1962 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हॉल यांनी गॅलियम आर्सेनाइडचा लेझर उजळवला, तेव्हा तो द्रव नायट्रोजनच्या थंडीत, तेही क्षणभराच्या ठिणग्यांनी चाले. 1970 मध्ये लेनिनग्राडला झोरेस अल्फेरोव यांच्या गटाने आणि बेल लॅब्जमध्ये हायाशी-पानिश यांनी त्याला खोलीच्या तापमानात अखंड तेवत ठेवलं. मोपा त्यांच्याच वंशातला. पूर्वजांमध्ये काही सूर लावणारे निघाले, काही नुसत्या ताकदीचे. या पठ्ठ्याला दोन्ही हवं होतं.

म्हणून त्याचं घर दोन खणांचं. पहिल्या खणात मालक राहतो, म्हणजे ऑसिलेटर. त्याची वाट केसाच्या जाडीहून कितीतरी अरुंद, जेमतेम काही मायक्रोमीटरची. तिथे कोरलेल्या अतिसूक्ष्म रेघा एकच तरंगलांबी निवडतात. सूर शुद्ध, पण आवाज दहा-वीस मिलिवॅटचा. दुसऱ्या खणात ॲम्प्लिफायर. त्याचा आकार तुतारीसारखा, सुरुवातीला चिंचोळा आणि पुढे रुंदावत गेलेला. प्रकाश वाढत जातो तसा पसरतही जातो, त्यामुळे टोकाचा पृष्ठभाग जळत नाही. मालकाने पुटपुटावं आणि तुतारीने ते काही वॅटमध्ये ललकारावं, असा हा संसार.

खोड एकच आहे, आणि ती ताकदीतूनच आलेली. तुतारीला आपलं-परकं कळत नाही. जे येईल ते ती वाढवते, आणि ते कुठल्याही दिशेने येवो. गॅलियम आर्सेनाइडचा कापलेला काठ सुमारे तीस टक्के प्रकाश परत फिरवतो. तो रोखण्यासाठी काठावर लेप चढवतात. लेप उत्तम असला आणि फक्त दहा हजारावा भाग मागे फिरला, तरी पाच वॅटमधला अर्धा मिलिवॅट होतो. त्यातला जो अंश चिंचोळ्या वाटेला लागतो, तो मालकापर्यंत पोचेतो पुन्हा वाढलेला असतो. गणपतीच्या मांडवात माइक कर्ण्यासमोर आला की जी शिट्टी वाजते, तिची जातकुळी हीच. मालकाला स्वतःचाच आवाज मोठा होऊन ऐकू येतो, आणि तो सूर सोडून शेजारच्या सुरावर उडी मारतो.

त्यात उष्णतेची भर. ॲम्प्लिफायर काही अँपिअर प्रवाह पितो आणि त्यातल्या मोठ्या वाट्याचा प्रकाश न होता उष्णताच होते. प्रवाह वाढवावा तसा तो तापतो, त्याची प्रकाशीय लांबी बदलते आणि परतणारी लाट मालकाला कधी साथ देते, कधी छेद. म्हणून मोपाचा स्वभाव लहरी वाटला तरी त्या लहरीला ताल असतो: प्रवाह वाढवत न्या, तो थोडा वेळ शहाण्यासारखा वागेल, मग बिथरेल, मग पुन्हा शहाणा.

अशा लहरी मोपाचे लाड कोण आणि का करतो? रुबिडियमचे अणू लेझरने थंड करणाऱ्याला विचारा. त्या अणूला 780 नॅनोमीटरच्या आसपासचा एकच रंग चालतो, म्हणजे सुमारे 38 कोटी 40 लाख मेगाहर्ट्झची वारंवारता, आणि इकडे-तिकडे मोकळीक जेमतेम सहा मेगाहर्ट्झची. मालकाचा खण एक अंश तापला तर तरंगलांबी साधारण 0.06 नॅनोमीटर सरकते. आकड्याने क्षुल्लक, पण हिशेब केला तर ते सरकणं त्या मोकळिकीच्या सुमारे पाच हजार पट भरतं. अणूच्या लेखी हा लेझर गावातच राहिलेला नसतो.

म्हणून घराची डागडुजी चालते. दोन्ही खणांना वेगवेगळा प्रवाह देतात, ठोकळ्याखाली तापमान राखणारी पट्टी बसवतात, काठावरचा लेप आणखी चोख करतात. चिपच्या बाहेर फॅरडे आयसोलेटर ठेवतात. हा चुंबकाचा द्वारपाल. प्रकाशाला जाऊ देतो, परत येऊ देत नाही. बाहेरच्या आरशांवरून येणारं जवळजवळ सगळं तो अडवतो. मात्र चिपच्या स्वतःच्या काठावरून फिरलेलं त्याच्यापर्यंत पोचतच नाही, आणि दाण्याएवढ्या घरात दोन खणांच्या मध्ये त्याला उभं राहायला जागा नाही. एकत्र कुटुंबाची ही किंमत: अंतर वाचलं, पण मधलं दार गेलं.

काहींनी वेगळी चूल मांडली. बर्लिनच्या फर्डिनांड ब्राउन संस्थेने ऑसिलेटर आणि ॲम्प्लिफायर या दोन स्वतंत्र चिपा एकाच छोट्या पाटावर बसवल्या. 23 जानेवारी 2017 रोजी स्वीडनमधल्या किरुनाजवळून सुटलेल्या मायउस-1 रॉकेटमध्ये असेच लेझर होते. रॉकेट सुमारे 243 किलोमीटर वर गेलं आणि अवकाशातलं पहिलं बोस-आइन्स्टाइन संघनित, म्हणजे अतिथंड अणूंचा एकजीव ढग, तिथे तयार झालं. उड्डाणाचे हादरे सोसूनही लेझर अणूंच्या रंगावर राहिले.

माहितीपत्रकात मोपाचे वॅट ठळक अक्षरांत छापलेले असतात. विकत घ्यायची वेळ आली तर त्यांना भुलू नका. एवढंच विचारा: किती अँपिअरपासून किती अँपिअरपर्यंत हा एकाच सुरावर राहतो?