लाल कार्डाचा नातू

आमचे गाव उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या अंगाला. धान, मिरची आणि थोडे सोयाबीन असे आमचे चालते.

2014 च्या भाद्रपदात माझी पहिली नात गेली. दोन वर्षांची होती. संध्याकाळी अंग तापले. गावातल्या डॉक्टरने सुई दिली, म्हणाला, सकाळी पाहू. पहाटेच पोर गेली. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले सुनेचा पायगुण. मीसुद्धा म्हणाले. आता लपवून काय उपयोग?

सुनेला पुन्हा दिवस गेले तेव्हा आशाताई नवरा-बायको दोघांनाही रक्त तपासायला घेऊन गेली. दोघांना पिवळे कार्ड मिळाले. पिवळे म्हणजे सिकलसेलचे वाहक. त्यांना स्वतःला काही होत नाही, पण दोघेही पिवळे असले की प्रत्येक खेपेला चारात एक मूल आजारी निघण्याचा धोका. 2019 मध्ये नातू झाला आणि त्याला लाल कार्ड मिळाले. पायगुण कुणाचा, ते त्या दिवशी कळले. निम्मा दोष रक्तातून माझ्याच लेकाकडून आला होता.

नागपूरच्या मेडिकलमधल्या डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून सांगितले. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या मुलांच्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात, पाटात काडीकचरा अडकावा तशा. पहिला मार बसतो पानथरीला. पानथरी म्हणजे रक्तातले जंतू गाळणारी राखणदारीण. ती निकामी झाली की न्यूमोकोकससारखा जंतू एका रात्रीत मूल नेतो. ऐकता ऐकता मला भाद्रपदातली ती रात्र आठवली.

या आजाराबद्दल नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 1958 मध्येच लिहिले होते, विलायतेच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात छापून आले होते. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आमच्या घरात ती गोष्ट पोचायला एवढी वर्षे लागली.

बाळ दोन महिन्यांचे झाले आणि पेनिसिलिन सुरू झाले. रोज दोन वेळा, पाच वर्षांचा होईपर्यंत. अमेरिकेत 1986 मध्ये लहान मुलांवर याचा अभ्यास झाला, तेव्हा औषध घेणाऱ्यांत न्यूमोकोकसचा संसर्ग 84 टक्क्यांनी कमी दिसला होता. आमचे हे रोज कुरकुरायचे, “पोरगं धडधाकट हाय, मंग औषध काऊन?” मी म्हटले, “धान पिकल्यावर बांध घालता का जी?” त्यानंतर हेच आठवण करू लागले. खुराक चुकू नये म्हणून सुनेने कॅलेंडरवर रोज दोन टिंबे काढायची ठेवली. सणावाराला, लग्नाला गेलो तरी बाटली पिशवीत.

न्यूमोकोकसची लस तेव्हा आमच्याकडे सरकारी दवाखान्यात नव्हती. एका डोसाला जवळजवळ क्विंटलभर सोयाबीनचे पैसे गेले. 2021 पासून ती देशभर सर्व बाळांना फुकट मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी. बाकीच्या लसीही सोडायच्या नाहीत. पाणी उकळून, हात साबणाने धुऊन, मच्छरदाणीत झोपवून, हे तर सगळ्याच घरांत व्हायला हवे. आमच्याकडे ते सक्तीचे झाले. मलेरिया आणि विषमज्वर या मुलांना फार महागात पडतात.

पानथरी चाचपायलाही डॉक्टरबाईंनी सुनेला शिकवले. डाव्या बरगडीखाली. जमैका बेटावर आयांना हे शिकवले, तेव्हा पुष्कळ मुले वाचली म्हणतात. पानथरी एकाएकी मोठी लागली आणि पोर पांढरे पडले तर तडक दवाखाना.

2022 च्या आषाढात रोवणीचे दिवस होते. रात्री अकराला नातवाला ताप भरला. थर्मामीटर 102 दाखवत होता. बाहेर धो धो पाऊस, नाल्याला पूर. शेजारी म्हणाले, “रातभर थांबा, सकायी जाजा.” तेच शब्द. सून माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटले, “टेम्पोवाल्याले उठव.” मोठ्या रस्त्याने वळसा घालून अडीच वाजता नागपूर गाठले. रक्त घेतले आणि अहवालाची वाट न पाहता लगेच शिरेतून औषध सुरू केले. पाच दिवसांनी घरी आलो. रोवणी आठ दिवस मागे पडली, तेवढे धान कमी झाले.

आता तो शाळेत जातो. पेनिसिलिन डॉक्टरांनी थांबवले आहे, दुसरे औषध चालू आहे. ताप 101 च्या वर गेला की निघायचे, हे मात्र अजून तसेच आहे. थर्मामीटर आणि लाल कार्ड एकाच खुंटीला टांगलेले असते.

गेल्या महिन्यात माझ्या पुतणीला स्थळ आले. तिचे कार्ड पिवळे. मी मुलाकडच्यांना सुपारीआधी मुलाचे कार्ड मागितले. पाहुण्यांना ते रुचले नाही. चहा अर्धाच ठेवून गेले. परवा निरोप आला, मुलाने रक्त तपासायला दिले आहे.