ही बोट खंय जाता?

दोन रात्री, चहूकडे निळं पाणी आणि ऑफिसच्या मेलला ‘आउट ऑफ रेंज’ हे एकदम खरं उत्तर! पण वीकएण्ड क्रूझवर आपली महिन्याची बचत उधळावी का? एक अनुभव आणि थोडा हिशोब...

शुक्रवारी संध्याकाळी लोअर परळमधल्या कुठल्याही ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरा, एकच प्रश्न ऐकू येईल. ‘वीकएण्डचा काय प्लॅन?’ लोणावळा? घाटातल्या ट्रॅफिकमध्येच अर्धा शनिवार जातो. अलिबाग? तिथे तर ऑफिसचीच माणसं भेटतात. गोवा? ते ग्रुपवर गेली तीन वर्षं ठरतंय! मग कुणीतरी मोबाइल पुढे करतं. पांढरंशुभ्र जहाज, वर स्विमिंग पूल, रात्री डीजे. ‘क्रूझला जाऊ या का?’ सगळे स्क्रीनवर वाकतात. पुढचा प्रश्न अर्थातच ‘कितीला पडतं?’ आणि त्याच्या पुढचा, जो कुणी मोठ्याने विचारत नाही... ‘वर्थ आहे का, बॉस?’

मार्चमधल्या एका शुक्रवारी मी जाऊन आले. म्हणून हा प्रश्न आता मला विचारा.

तसं हे वेड मुंबईला नवीन नाही. २००५ साली स्टार क्रूझेसचं ‘सुपरस्टार लिब्रा’ मुंबईत आलं, तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यांपासून लग्नाच्या बैठकांपर्यंत त्याचीच चर्चा होती, असं माझी मोठी मावसबहीण सांगते. २०१८मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. २०१९मध्ये जलेशची ‘कर्णिका’ आली, २०२०च्या लॉकडाऊनमध्ये थांबली आणि थेट अलंगला भंगारात गेली. २०२१च्या सप्टेंबरात कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’च्या फेऱ्या सुरू झाल्या. २०२५च्या सप्टेंबरात बॅलार्ड पियरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटनही झालं. जहाजं बदलली, पण शुक्रवारी चढायचं आणि रविवारी उतरायचं, हे पॅकेज मुंबईकरांना काही सोडवत नाही.

आता हिशोब. जाहिरातीतला आकडा वाचून लगेच खूश होऊ नका. त्यात पोर्ट चार्जेस, जीएसटी, ग्रॅच्युइटी मिळवायची असते. जेवण-नाश्ता तिकिटात, पण ड्रिंक्स, स्पा, वायफाय यांचे पैसे वेगळे. जगातल्या बहुतेक क्रूझचं गणित असंच चालतं. तिकीट तुम्हाला आत आणतं, खरी कमाई आत होते. आम्ही दोघं होतो, खिडकी नसलेली सगळ्यात स्वस्त केबिन घेतली, ड्रिंक्सच्या नावाखाली दोन लिंबू सरबतं प्यायलो. तरी दोघांचं मिळून ४० हजारांच्या थोडं अलीकडे थांबलो. जहाज शुक्रवारी पाचला सुटलं, रविवारी सकाळी सातला परत लागलं. म्हणजे ३८ तास. तासाला हजार रुपये! त्यातले पंधरा तास झोप वजा करा, बुफेच्या आणि लिफ्टच्या रांगा वजा करा. मग ठरवा.

आणि जहाज जातं कुठे? काही फेऱ्या गोव्याला जातात, काही लक्षद्वीपला. पण अगदी छोट्या वीकएण्डवाल्या फेऱ्या बऱ्याचदा कुठेच जात नाहीत. किनारा दिसेनासा होईपर्यंत आत जायचं, शनिवारभर पाण्यावर राहायचं आणि परत यायचं. आमची फेरी अशीच होती.

माझ्याबरोबर पप्पा होते. आश्चर्य वाटलं ना? बुकिंगवालीलाही वाटलं होतं. ‘कपल पॅकेज देऊ का?’ तिने आधी विचारलं, मग दोघांच्या वयाचे आकडे बघून ओशाळली.

पप्पा बेस्टमध्ये कंडक्टर होते. २०२४मध्ये रिटायर झाले. त्यांची वीकली ऑफ कधी मंगळवारी, कधी बुधवारी, त्यामुळे वीकएण्ड हा शब्द लालबागच्या आमच्या खोलीत कधी आलाच नाही. सुट्टी म्हणजे गाव. मालवण तालुक्यातलं घर, मे महिना आणि गणपती. आजी गेली आणि ते घर बंद झालं. काकांचं म्हणणं, विकून टाकू. सगळ्यांच्या सह्या झाल्या, पप्पांची राहिली. हा विषय निघाला की आमच्याकडे पाचव्या मिनिटाला कुणीतरी उठतं आणि गॅलरीत जाऊन उभं राहतं. एकशेऐंशी फुटांच्या खोलीत भांडण टाळायची तीच एक जागा. एका स्क्रिप्टचे अडकलेले पैसे मार्चमध्ये एकदाचे जमा झाले, तेव्हा मी पप्पांना म्हटलं, चला. आईने ‘मला बोट लागते’ म्हणून हातच जोडले.

टर्मिनलवर एअरपोर्टसारखं चेक-इन, बॅगा स्कॅनमधून. जहाज गेटवेवरून, कुलाब्यावरून बाहेर पडायला लागलं. सगळे रेलिंगला टेकून सेल्फी काढत होते. ताज, गेटवे सगळं मागे लहान होत गेलं. हा तासभर मात्र खरंच पैसे वसूल! आपण रोज लोकलच्या दारातून ज्या शहराशी झटापट करतो, ते असं समोरून, शांतपणे बघायला मिळत नाही. अंधार पडताना डावीकडे खांदेरीच्या दीपगृहाचा दिवा दिसला. पप्पा इतका वेळ गप्प होते. तो दिवा मागे पडल्यावर त्यांनी मला विचारलं,

‘ही बोट खंय जाता?’

‘खंयच नाय. उद्या दिवसभर पाण्यात, परवा सकाळी परत.’

‘म्हणजे रिंगरूट!’ पप्पा म्हणाले आणि जहाजावर चढल्यापासून पहिल्यांदा हसले.

त्यांच्यासाठी बोट म्हणजे कुठेतरी पोचवणारी वस्तू. गिरणगावातल्या किती घरांसाठी ती तशीच होती! लालबाग-परळच्या गिरण्यांत कामाला आलेली कोकणातली माणसं भाऊच्या धक्क्यावर उतरली आणि मे महिन्यात तिथूनच गावी गेली. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं पप्पांना अजून बसच्या नंबरांसारखी पाठ आहेत. पणजीपर्यंत जवळपास २४ तास लागायचे. डेकवर पथारी टाकायची, पत्र्याच्या ट्रंकेला पाय लावून झोपायचं, शेजारच्याला बोट लागली की लिंबू पुढे करायचं. मालवणला बोट खोल पाण्यातच उभी राहायची. तिथून पडावात उतरायचं. लाटेबरोबर पडाव वर आला की खालचा माणूस ओरडायचा, ‘टाक पाय!’ पप्पा सात वर्षांचे असताना त्यांना आजोबांनी वरून चक्क फेकलं होतं आणि खालच्या खलाशाने झेललं होतं. पावसाळ्यात ही सेवा बंद असायची. ऐंशीच्या दशकात ती कायमचीच थांबली. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि भाऊच्या धक्क्यावरून मालवणला जायचं, हे वाक्यच जुनं झालं.

हे सगळं मला त्या रात्री कळलं. अठ्ठावीस वर्षं एका खोलीत राहून कळलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात आली होती. जहाज सुटण्याआधी सेफ्टी ड्रिल असतं. कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं. आमच्या आजूबाजूला बहुतेकांचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. पप्पा मात्र शाळेतल्या पहिल्या बाकावर बसल्यासारखे ऐकत होते. ‘रामदास’ बोटीची गोष्ट ऐकत जी माणसं वाढली, ती असंच ऐकणार. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि ६००हून अधिक माणसं गेली. ड्रिलची पंधरा मिनिटं बोअर वाटली, तर हा आकडा आठवा.

आता शनिवार. म्हणजे खरी परीक्षा! नेटवर्क रात्रीच गेलं होतं. सकाळी नाश्ता, मग जहाजाला एक चक्कर, मग पूल. पुलात एवढी गर्दी की दादर स्टेशनचा जिना परवडला! दुपारी गेम शो, संध्याकाळी नाच, रात्री डीजे. चार मैत्रिणींबरोबर धमाल येईल, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर यातलं बरंचसं पवईच्या एखाद्या हॉटेलातही होतं, आणि तिथून कंटाळा आला की रिक्षाने घरी येता येतं. समुद्र? तो असतो, पण अकरा वाजेपर्यंत सगळ्यांचं बघून झालेला असतो. मग तो नुसता वॉलपेपर.

जेवणानंतर आम्ही सावलीतल्या दोन खुर्च्या पकडल्या. पप्पांनी पाण्याकडे बघतच विचारलं, ‘घराचं काय करूया?’

‘मला विचारताय?’

‘तुझा पण हक्क आहे ना. पेपरात वाचलंय मी.’

बरोबर वाचलं होतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीलाही मुलाइतकाच हक्क, हा कायदा २००५चा. पण आमच्या घरच्या बैठकांत मला फक्त चहा करायला सांगितलं जायचं. मी जे वाटतं ते सांगितलं. मी वर्षातून चार दिवस जाते, कौलं मला सांभाळता येणार नाहीत, तुमच्यानंतर ते घर पडेल. तुम्हाला वाईट वाटेल, पण विकलेलं बरं.

पप्पा बराच वेळ बोलले नाहीत. घरी असतो, तर याच क्षणी कुणीतरी गॅलरीत गेलं असतं. इथे जाणार कुठे? केबिनला खिडकी नाही, पुलावर गाणी, आणि चारी बाजूंना अरबी समुद्र! आम्ही तसेच बसून राहिलो.

मग ते म्हणाले, ‘मला तिथे राहायचंय. गणपतीपासून होळीपर्यंत. निदान काही वर्षं.’

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. सही का अडली होती, ते मला समुद्रात कळलं. आई येणार नाही, हे मी म्हणाले. ‘माहीत आहे,’ ते म्हणाले. मग पैसे, काकांचा हिस्सा, त्यांचं ब्लडप्रेशर, जवळचा दवाखाना किती लांब... दोन-तीन ठिकाणी आवाजही चढले. शेजारच्या खुर्चीवरची बाई उठून गेली, पण आम्ही उठलो नाही. चहा आला, सूर्य खाली गेला, डीजेने आवाज वाढवला तेव्हा कुठे थांबलो. चार तास! त्या चार तासांचे चार हजार लावले, तरी मला क्रूझ स्वस्त पडली.

मे महिन्यात पप्पा दादरहून तुतारी एक्स्प्रेसने एकटेच गेले आणि घर शाकारून आले. काकांशी हिश्शाची बोलणी चालू आहेत. आई अजून रुसलेली आहे. मला अजूनही ते घर विकावं असंच वाटतं. सगळं गोड झालं असं नाही. पण आता प्रश्न काय आहे, हे तरी आम्हा तिघांना ठाऊक आहे.

तर मंडळी, वर्थ आहे का?

समुद्र हवा असेल, तर नाही. २०२०च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते. साधारण तासाभराचा प्रवास, गाडीही नेता येते, वरच्या डेकवर वारा इतका की केसांचं वाटोळं! गेटवेवरून एलिफंटाची लाँच आहेच. तिथे लाइफ जॅकेट मात्र मागून घालाच. डिसेंबर २०२४मध्ये ‘नीलकमल’चा अपघात झाला, तेव्हा त्याची किंमत सगळ्यांनी पाहिली. कोकण किंवा गोवा हवा असेल, तरी नाही. शुक्रवारी मध्यरात्री दादरला तुतारी पकडा, सकाळी कुडाळ. स्लीपरचं तिकीट जहाजावरच्या एका कॉकटेलच्या पैशात येतं. नुसती पार्टी हवी असेल, तर तुमची मर्जी आणि तुमचं क्रेडिट कार्ड.

पण कुणाशी तरी बोलायचं राहून गेलंय? नवऱ्याशी, बहिणीशी, उद्या जर्मनीला निघालेल्या मित्राशी? घरी बसलं की फोन वाजतो, ऑफिसचा मेल येतो, कुणीतरी उठून जातं? मग वर्षभर पैसे साठवा आणि एकदा जाच. मात्र माणूस नीट निवडा, कारण मधल्या स्टॉपला उतरता येत नाही!

आणि हो, या टिप्स कापून ठेवा. केबिन जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे डोलणं कमी जाणवतं. खिडकीचे जादा पैसे वाचवा, तुम्ही डेकवरच असणार. पावसाळ्याच्या तोंडावरच्या तारखा टाळा. बोट लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी चढण्याआधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर जहाजावरच्या नेटवर्कचं रोमिंग बिल बघून सोमवारी चक्कर येईल. वायफायचं पॅकेज घेऊ नका. ते घेतलंत, तर मग लोणावळाच बरं.