नळीच्या वाटेवरचा दिवा

शहापुरात शिक्षकाचा पेशा पत्करल्यामुळे माहुलीचे सुळके चढावयास येणाऱ्या मंडळींचा सहवास मला पुष्कळ घडला आणि डोंगरात संकट ओढवल्यास मदत कशी मागावी हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो. परंतु त्या ज्ञानाचा उपयोग मुरबाड तालुक्यातील बेलपाड्यास, कोकणकड्याच्या ऐन पायथ्याशी, एका स्नेह्याच्या अंगणात करावा लागेल, असे कधी वाटले नव्हते.

रात्रीची जेवणे आटोपली होती. कड्याकडे चढणाऱ्या नळीच्या वाटेवर, बऱ्याच उंचीवर, एक दिवा लुकलुकू लागला: मिनिटात सहा वेळा उजेड, मग मिनिटभर अंधार, पुन्हा सहा वेळा. क्लिंटन डेंट या इंग्रज शल्यविशारदाच्या पुढाकाराने १८९४ साली आल्प्समध्ये रूढ झालेली ही संकटाची खूण होती. तिला मिनिटात तीनदा उत्तर द्यावयाचे असते, म्हणून मी विजेरी उचलली.

"मास्तर, उजेड दावीत ऱ्हावा, त्याला धीर येईल," एवढे बोलून गावातील वयोवृद्ध ठाकर उठले, आणि पाहता पाहता दोन बांबू, एक घोंगडी व दोर घेऊन तरुण मंडळी वाटेला लागली; उजेड दाखवीत मीही त्यांच्या मागोमाग निघालो. दिव्याची जागा ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत की पलीकडच्या, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. टोकावड्यास पोलिसांत वर्दी देण्यासाठी मात्र एकास धाडले.

वर एका तरुणाची नडगी मोडली होती. दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत शिकलेल्या त्याच्या सोबत्याने ती दोन काठ्यांमध्ये घट्ट बांधली होती. अरुंद नळीत डोली चालेना, तेव्हा त्या सोबत्याने दोराचे वेटोळे दुभागले, दोन्ही फासांत जखमीचे पाय घातले आणि ते फास गावातील एका धिप्पाड गड्याच्या खांद्यांवरून चढविले. गडी उठून उभा राहिला, तेव्हा त्याचे दोन्ही हात मोकळे होते. पाऊल कोठे टाकावे, कोणता धोंडा हलतो, हे त्याला शिकवावे लागले नाही. उतार सौम्य झाल्यावर घोंगडीची डोली पुढे आली आणि उजाडता उजाडता आम्ही गावात पोहोचलो.

पुढे मी या बचावविद्येचा माग काढला. दार्जिलिंगची संस्था १९५४ साली स्थापन झाली, त्याच वर्षी एव्हरेस्टवीर तेनसिंग व त्याचे सहकारी स्वित्झर्लंडला आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्याकडे शिकून आले. जखमीला पाठीवर घेण्याचा असाच प्रसंग आल्प्समध्येही घडला होता: १९५७ साली आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर अडकलेल्या इटालियन गिर्यारोहक कोर्तीला म्युनिकच्या आल्फ्रेड हेलेपार्टने पोलादी तारेवर उतरून पाठीवर वर आणले. ती तार धरणाऱ्यांत जर्मन, स्विस, फ्रेंच, पोलिश व इटालियन असे सर्व होते. आल्पीय बचावाचा आंतरराष्ट्रीय आयोग देशोदेशींच्या अशा पथकांना एकत्र आणतो.

या थोर साखळीविषयी माझ्या मनात आदर आहे. पण तिच्या अखेरच्या कडीचा, म्हणजे बेलपाड्याच्या त्या गड्याचा, तीत अद्याप रीतसर समावेश झालेला नाही, ही मोठीच उणीव आहे. गिर्यारोहण संस्थांना माझी विनंती आहे, की पुढचे बचाव-शिबिर शहरात न भरविता अशा पायथ्याच्या गावी भरवावे, उत्तम दोर व स्ट्रेचर तेथेच कायमचे ठेवावे. आणि नळीच्या वाटेने चढणाऱ्यांनी आपली नावे व परतीची वेळ गावात सांगूनच पुढे जावे.