ईम नावाचं गाव

मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. त्यामुळे ‘इंग्लंडमधलं खेडं’ म्हटलं की आमच्या रीडरमधलं चित्रच डोळ्यांसमोर येतं. हिरवी कुरणं, मेंढ्या, दगडी घरं आणि मधोमध चर्चचा मनोरा! डर्बीशायरच्या डोंगराळ भागातलं एक गाव आजही अगदी तस्संच आहे. स्पेलिंग ई-वाय-ए-एम, पण उच्चार मात्र ‘ईम’. चर्चच्या आवारात आठव्या शतकातला कोरीव दगडी क्रूस आहे, भिंतीवर १७७५ सालचं छाया-घड्याळ आहे. पण मित्रांनो, तिथल्या काही घरांबाहेर ज्या पाट्या आहेत, त्यांवर घरमालकाचं नाव नाही. त्या घरात प्लेगने कोण कोण गेलं, त्यांची नावं आहेत.

झालं असं, की १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं होतं. तिथून ईमच्या शिंप्याकडे कापडाचं एक गाठोडं आलं. कापड दमट होतं, म्हणून जॉर्ज विकर्स नावाच्या त्याच्या मदतनिसाने ते शेकोटीजवळ वाळत घातलं. त्यात पिसवा होत्या असं आज मानलं जातं. ७ सप्टेंबरला विकर्स गेला आणि मग घरामागून घर...

१६६६ च्या उन्हाळ्यात साथ पुन्हा भडकली. पळून जाणं हा अगदी सोपा उपाय होता. पण विल्यम मॉम्पेसन या तिशीही न गाठलेल्या धर्मगुरूने लोकांपुढे वेगळाच विचार ठेवला. गावाची हद्द कुणीच ओलांडायची नाही! म्हणजे रोग शेजारच्या गावांत जाणार नाही. गावाचा या नव्या माणसावर फारसा विश्वास नव्हता. म्हणून त्याने आधीच्या धर्मगुरूला, थॉमस स्टॅन्लीला सोबत घेतलं. दोघांचे धार्मिक मतभेद टोकाचे, पण या कामापुरते ते एकत्र उभे राहिले. आणि गाव तयार झालं.

आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीमची बाउंड्री आखली गेली. अर्ल ऑफ डेव्हनशायरने धान्य पुरवायचं कबूल केलं. वेशीवरच्या दगडाला खळगे होते. त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची, बाहेरच्यांनी सामान ठेवून पैसे न्यायचे. चर्च बंद झालं, प्रार्थना बाहेर घळीत, एकमेकांपासून अंतर ठेवून होऊ लागली. ज्याने त्याने आपलं माणूस आपणच पुरायचं. प्लेगचा जंतू सापडला १८९४ मध्ये, म्हणजे या लोकांना कारण ठाऊकच नव्हतं! तरी २०२० मध्ये आपण शिकलो ते सगळं त्यांनी करून ठेवलं होतं.

किंमत? सुमारे २६० माणसं. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने ऑगस्टमधल्या आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. त्याच महिन्यात मॉम्पेसनची बायको कॅथरीनही गेली. १ नोव्हेंबर १६६६ ला शेवटचा बळी गेला.

आता यात टोचणारी गोष्टही आहे. मॉम्पेसनने स्वतःची मुलं आधीच बाहेरगावी पाठवली होती. ज्यांच्याकडे पैसा होता अशी काही घरंही वेळेत निघून गेली. मागे उरले ते शेतकरी, शिंपी, शिशाच्या खाणीत राबणारे. म्हणून मला वाटतं, या गोष्टीचा हीरो एकटा धर्मगुरू नाहीच. ज्यांची नावं त्या पाट्यांवर आहेत, ते खरे हीरो.

आपल्याकडे १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा सोजिरांनी घरात घुसून झडत्या घेतल्या. लोक इतके चिडले की रँडचा खून झाला. रोग तोच, पण तिथे लोकांना विचारलं होतं, इथे कुणी विचारलंच नाही. आणि त्याच वर्षी, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या. त्यांनाही कुणी सक्ती केली नव्हती.

हॉस्टेलमध्ये एखादीला कांजण्या आल्या की विंग कशी रिकामी होते, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. रात्रीत बॅगा भरतात, पहाटेची एस.टी. गाठतात. घाबरणं चूक आहे असं मी म्हणत नाही. मीही घाबरते. पण ज्या घराकडे आपण धावतो तिथे आजी असते, धाकटा भाऊ असतो. त्यांच्यासाठी न जाणं हेही प्रेमच असतं, हे ईमच्या लोकांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ईममध्ये या माणसांची आठवण काढतात. शेजारची गावं वाचली. तिथल्या ज्या लोकांना प्लेग झालाच नाही, त्यांची नावं मात्र कुठल्याच पाटीवर नाहीत. ती लिहायची गरजच पडली नाही!

— टी.ई. मेकॅनिकल